ग्वाल्हेरच्या हवेत बॉल पायथनची पेटी कशी बसवावी?

जिवाजीगंजवाली

नमस्कार मंडळी. माझा भाचा नोकरीसाठी इंदूरहून बंगळुरूला चाललाय. त्याच्याकडे चार वर्षांची बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) मादी आहे, नाव काजळी. लांबी मीटरभराच्या थोडी वर, वजन दीड किलोच्या आत. तिकडे भाड्याच्या खोलीत तिला ठेवता येणार नाही, म्हणून दिवाळीनंतर ती माझ्याकडे येतेय. इंदूरला गेले की मी तिला नेहमी हातात घेते, त्यामुळे भीती वगैरे काही नाही. सासूबाईंनाही विचारलंय. त्यांची एकच अट आहे, देवघराच्या खोलीत नको.

अडचण पेटीची आहे. भाच्याकडे दोन फुटी काचेचा टँक आहे, वर जाळीचं झाकण आणि खाली चिकटवलेला हीट मॅट. इंदूरला त्यावर भागलं. पण आपल्याकडचा जानेवारी आणि आपल्याकडचा मे तिथे नसतो. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं, दगडी आहे. तळमजल्यावर एक मधली खोली आहे, तिला खिडकी नाही, फक्त दोन दारं. गच्चीवर एक नवी, हवेशीर खोली आहे. कुठे ठेवू? तोच टँक चालेल का, की नवीन करून घेऊ? हिवाळ्यात रात्री लाइट गेली तर काय करायचं? ज्यांनी आपल्या भागात हा साप सांभाळलाय त्यांनी सविस्तर लिहा, वाचायला मला वेळ आहे.

कटोराताल

ताई, खोलीचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. तळमजल्याची मधली खोलीच घ्या. गच्चीची खोली मे महिन्यात भट्टी होते. वर उन्हात तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहतो.

या सापावरचं जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी केलेलं असतं. त्यांची सगळी चिंता पेटी गरम कशी ठेवायची याची. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती चिंता खरीच आहे. पण थंडीने साप आजारी पडतो तेव्हा उपचाराला वेळ मिळतो. उन्हाने तो एका दुपारीत जातो. बंद पेटीतलं तापमान ३५ च्या वर जाऊन तिथेच राहिलं आणि सापाला गार जागा नसली, तर संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून ग्वाल्हेरला पेटीची जागा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून ठरवायची आणि हीटर जानेवारी डोळ्यांसमोर ठेवून.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत पडून राहतो, रात्री बाहेर येतो. वर कडक ऊन असलं तरी बिळात दमट आणि बेताची ऊब असते. पेटीत आपल्याला ते बीळ उभं करायचं आहे. एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६, रात्री कुठेही २३ च्या खाली नाही. साप स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो. दोन फुटी टँकमध्ये त्याला जायला दुसरं टोकच नसतं, सगळीकडे एकच तापमान होतं. त्यामुळे नवीन पेटी हवी. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. तिच्या लांबीच्या मादीला यापेक्षा लहान नको.

रंधापट्टी

पेटीचं मी सांगतो, या दोन-तीन करून दिल्या आहेत.

काच नको, प्लायवूड घ्या. काच हिवाळ्यात ऊब बाहेर सोडते आणि जाळीच्या झाकणातून ओल उडून जाते. १८ मिमी मरीन प्लाय, आतून सनमायका. पुढच्या बाजूला ५ मिमीच्या दोन सरकत्या काचा, ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये, आणि शोकेसला लावतात ते कुलूप. कुलूप विसरू नका. हा साप नाकाने ढकलून काच सरकवतो आणि एकदा जमलं की रोज प्रयत्न करतो. चॅनेल, कुलूप, बिजागऱ्या लोहिया बाजारात हार्डवेअरवाल्यांकडे मिळतील.

आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरायचे, कारण खालचा थर ओला राहणार आहे आणि प्लायच्या कडेला पाणी लागलं की वर्षभरात तो फुगतो. सिलिकॉन ॲक्वेरियमचं घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. भरल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

हवेसाठी दोन झरोके ठेवायचे. गरम टोकाच्या बाजूला वर, गार टोकाच्या बाजूला खाली. गरम हवा वरून निघते, खालून ताजी येते. आतून स्टीलची बारीक जाळी, कडा पट्टीखाली दाबलेल्या. उघड्या जाळीवर साप नाक घासून जखम करून घेतो.

अजून एक. जुन्या घरात तांबड्या मुंग्या असतातच. पेटी जमिनीवर ठेवू नका, फूटभर उंच स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधाच्या जाळीच्या कपाटाला ठेवायचे तसे. पेटीजवळ मुंग्यांची पावडर अजिबात नको.

जिवाजीगंजवाली

दोघांचेही आभार. आमच्याकडे तसं कपाट अजून आहे, वाट्यांसकट! मग हीटरचं सांगा. भाचा म्हणतो हीट मॅटच पुरे.

कटोराताल

आपल्याकडच्या हिवाळ्यात पुरणार नाही. मॅट फक्त त्याच्यावरचा पृष्ठभाग गरम करतो, हवा तशीच राहते. बाहेर पारा ४-५ अंशांवर उतरला की दगडी घरातली बंद खोलीही १२-१३ वर येते. त्या खोलीत पेटीची हवा २५ वर ठेवायची तर वरून उष्णता हवी. १०० वॉटचा सिरॅमिक हीटर घ्या. त्याला उजेड नसतो, त्यामुळे रात्रभर चालू राहिला तरी सापाचा दिवस-रात्रीचा हिशेब बिघडत नाही. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब विकतात ते घेऊ नका. होल्डर चिनी मातीचा, प्लास्टिकचा वितळतो. हीटरभोवती तारेचा पिंजरा हवाच. साप हीटरला वेटोळं घालतो आणि भाजत असलं तरी लगेच बाजूला होत नाही.

थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) कोणताही हीटर लावू नका, एक रात्रही नाही. साधा डिजिटल, प्रोबवाला (वायरच्या टोकाला तापमान मोजणारी कांडी असलेला) चालतो. प्रोब गरम टोकाच्या लपायच्या जागेशेजारी, जमिनीपासून चार बोटं वर, चिकटपट्टीने नव्हे तर क्लिपने पक्का करा. चिकटपट्टी सापाच्या कातडीला चिकटली तर खवले निघून येतात. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका, दोन्ही टोकांना स्वतंत्र तापमापक ठेवा, ओल दाखवणारे.

पेटीच्या मागच्या, वरच्या आणि दोन्ही बाजूंना बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते लावा, झरोके मोकळे ठेवून आणि हीटरच्या वरचा भाग सोडून. उन्हाळ्यात काढून ठेवायचे. यातून हीटर कमी वेळ चालतो, म्हणजे वीज गेल्यावर पेटी गार व्हायलाही वेळ लागतो.

वीज गेली तर: १०० वॉट ही इन्व्हर्टरला मोठी गोष्ट नाही. घरी मोठी बॅटरी असेल तर रात्र निघते, फक्त त्या प्लगची लाइन इन्व्हर्टरवर घ्या. तेही नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीत आणि वरून रजई, खालचा झरोका मोकळा. शेगडी किंवा कोळशाची सिगडी खोलीत आणू नका. बिनखिडकीच्या खोलीत ती माणसालाही घातक आहे.

विश्वामित्रीकाठ

मी बडोद्याची. आमच्याकडे पावसाळ्यात ओल जास्त होते म्हणून आम्ही झरोके वाढवतो. तुमच्याकडे उलट असणार ना? हिवाळ्यात तर तिकडे धुकं असतं, मग ओलीची काळजी कशाला?

कटोराताल

धुक्याने फसायला होतं. ८ अंशांची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात पाण्याचं प्रमाण थोडंच असतं. तीच हवा पेटीत २८ अंशांपर्यंत तापवली की सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत येते. बाहेर धुक्यात समोरचं दिसत नाही आणि पेटीत हवा कोरडी, असं इथे खरंच होतं. या सापाला ६० ते ७० टक्के हवी, कात टाकताना थोडी जास्त. मेमधल्या लू-मध्ये बाहेरच १५-२० टक्के असते, तेव्हाही तेच. जुलै-ऑगस्टला मात्र बडोद्याचा सल्ला आम्हालाही लागू.

ओल टिकवण्याचा मार्ग खालच्या थरातून जातो. फवारा मारून वरवर भिजवलं की तासाभरात उडतं आणि पोट सतत ओल्या पृष्ठभागावर राहिलं की खवले सडतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि नारळाच्या सालीचे तुकडे अर्धे-अर्धे मिसळून ३-४ इंचांचा थर घाला. कोकोपीट धुतलेलं, खत न घातलेलं. पेटीच्या कोपऱ्यांतून खाली पाणी ओतायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा बोटभर थर कोरडा. सुताराकडचा भुसा नको. त्यात देवदार-चीड असतं, त्यांच्या वासाने सापाची फुप्फुसं बिघडतात. प्लायच्या भुशात तर गोंदही असतो.

सरपट

लपण्याच्या जागांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला विचाराल तर हीटरनंतर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती. दोन हव्यात, एक गरम टोकाला, एक गार टोकाला, दोन्ही सारख्या. एकच ठेवली तर साप सुरक्षितता आणि योग्य तापमान यांत निवड करत बसतो, आणि तो सुरक्षितता निवडतो. म्हणजे थंडीने आखडेल पण बाहेर येणार नाही.

आकार ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठीला आणि दोन्ही बाजूंना भिंत टेकली पाहिजे, तेव्हा तो निवांत होतो. आपल्याकडे कुंभाराची कुंडी उत्तम. पालथी घालायची, कडेला तिच्या जाडीच्या दुप्पट दार कापून घ्यायचं, कडा पॉलिश पेपरने घासायच्या. तळाचं पाणी जायचं भोक मात्र आतून सिमेंटने बुजवा. साप त्यात डोकं घालतो आणि मग पुढेही जाता येत नाही, मागेही.

मातीच्या कुंडीचा दुसरा उपयोग उन्हाळ्यात. गार टोकाची कुंडी सकाळी पाण्यात बुडवून ठेवायची. दिवसभर झिरपत राहते, आत गारवा आणि ओल दोन्ही. कात टाकायच्या दिवसांत गरम बाजूच्या कुंडीत ओलं शेवाळ घातलं की कात एकसंध उतरते. डोळ्यावरचं आवरण अडकलं तर नखाने काढू नका, ओल वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बाकी जागा मोकळी सोडू नका. प्लास्टिकची पानं, कॉर्कची साल, एखादी जाड आडवी फांदी. हा साप चढत नाही असं म्हणतात, पण जंगलात नर झाडांवर जातात, पक्षीही खातात. माझी मादीसुद्धा रात्री फांदीवर असते. पाण्याचं भांडं जड, तिला आत बसता येईल एवढं, आणि गार टोकाला.

गोपाचल

मी वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आफ्रिकेतला प्राणी ग्वाल्हेरच्या दगडी खोलीत आणून, त्याला यंत्रांवर जगवून, आपण नेमकं काय मिळवतो? वीस-तीस वर्षं जगणारा जीव आहे असं ऐकतो. भाचा चार वर्षांत थकला. पुढे ताईंची मुलं थकतील. नागपंचमीला गारुडी नाग आणतो त्याला आपण हाकलतो, कारण तो सापाचे हाल करतो. मग हे वेगळं कसं?

जिवाजीगंजवाली

काका, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. काजळी पेटीतच जन्मली आहे, तिला आफ्रिकेत सोडता येत नाही, चंबळच्या काठी सोडणं तर गुन्हाच. कुणीतरी तिला सांभाळायचंच आहे. मी नाही म्हटलं असतं तर भाच्याने ती कुणा अनोळखी माणसाला दिली असती. नवीन साप विकत घ्यायचा असता तर मी घेतला नसता. आणि भाचा थकला नाही, रडत होता.

कटोराताल

काकांचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. बॉल पायथनचा व्यापार आफ्रिकेत फार मोठा आहे, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला आता ‘संकटाच्या जवळ’ या गटात टाकलंय. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये किमान ६२ वर्षांच्या मादीने अंडी घातली, म्हणजे आयुष्य तीस वर्षांतच संपतं असंही नाही. हौस म्हणून नवीन आणणाऱ्याला मीही आधी नकोच म्हणतो. पण इथे साप आहेच, आणि दोन फुटी टँकमधून चार फुटी पेटीत जातोय.

कागदपत्रांचंही बघा ताई. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणी आले, बॉल पायथन त्यांत आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंद लागते, आणि प्राणी नव्या माणसाच्या ताब्यात गेला की तेही कळवावं लागतं. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. भाच्याच्या नावावरची नोंद तुमच्या नावावर करून घ्या, साप इथे यायच्या आधीच कागद गोळा करा. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. रस्त्यात सापडला, पिल्लू आहे, सुंदर आहे, काहीही असो, घरी ठेवता येत नाही. वनविभागाला फोन करा.

मुरारचा पशुवैद्य

धागा उशिरा पाहिला. बसवणीवर चांगलं लिहिलंय, मी आजाराच्या बाजूने भर घालतो.

थंडीत माझ्याकडे येणाऱ्या सापांत सर्वांत जास्त श्वसनाचे संसर्ग असतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेस किंवा बुडबुडे, तोंड उघडं ठेवून डोकं वर धरणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. बहुतेक वेळा पेटी रात्री गार पडत असते आणि मालकाला पत्ता नसतो, कारण तो तापमान दिवसा बघतो. कमाल-किमान आकडा साठवणारा तापमापक घ्या आणि रोज सकाळी किमान आकडा वाचा.

दुसरं, धूर आणि वास. डासांची कॉइल, स्प्रे, लिक्विडची मशीन, डांबरगोळ्या, धूप, कापूर, यांपैकी काहीही त्या खोलीत नको. सासूबाईंची देवघराची अट सापाच्याही भल्याची आहे. दिवाळीच्या आधी रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल होतं, ते साप येण्याच्या पुष्कळ आधी उरकून घ्या.

खाणं: मेलेला, गोठवलेला उंदीर, फ्रीजमध्ये वितळवून मग गरम पाण्यात पिशवीसकट शेकून, चिमट्याने. जिवंत उंदीर सोडू नका, तो सापाला चावतो, आणि या चाव्यांच्या जखमा खोल असतात. त्या आकाराच्या मादीला दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. हिवाळ्यात मोठे बॉल पायथन महिने-महिने खात नाहीत. आई-मावश्यांना हे बघवत नाही, मला माहीत आहे. पण वजन टिकून असेल तर थांबा. स्वयंपाकघरातला नव्हे, तिच्यासाठी वेगळा वजनकाटा घ्या आणि वजन वहीत लिहा. वजन घसरायला लागलं तर मात्र मला किंवा सापांचा अनुभव असलेल्या कुणाही डॉक्टरला दाखवा, प्रत्येक पशुवैद्य साप बघत नाही.

हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांत निरोगी असतानाही असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना लांब ठेवा.

जिवाजीगंजवाली

डॉक्टर, वही काढली. आता मे महिन्याचं विचारते. त्या खोलीत एसी नाही, कूलर चालेल का? दुपारी आम्ही दोघंही कामावर असतो, घरी सासूबाई एकट्या.

कटोराताल

चालेल, आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे तो उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते. पाण्याची वाफ होताना खोली गार होते आणि ओलही वाढते, दोन्ही आपल्याला हवंय. झोत थेट पेटीवर नको, आणि कूलरला बाहेरची हवा हवी, म्हणून तो अंगणाकडच्या दारात. दुसरं दार थोडं किलकिलं. पाऊस सुरू झाला की कूलर बंद, तेव्हा तो गार करत नाही, फक्त ओल वाढवतो. पण तोवर पाराही खाली आलेला असतो.

मधल्या खोलीच्या दगडी भिंती मेमध्येही दुपारी गच्चीच्या खोलीपेक्षा खूप गार असतात. दुपारी तीन-चारच्या सुमारास गार टोकाचा आकडा बघायला सासूबाईंना सांगा. ३० पर्यंत निश्चिंत. ३२ च्या वर गेला तर गोठवलेली पाण्याची बाटली, जाड फडक्यात गुंडाळून, गार टोकाच्या छतावर बाहेरून ठेवायची. प्लाय जाड आहे, एक बाटली पुरणार नाही, तीन-चार फ्रीझरमध्ये तयार ठेवा. पेटीच्या आत बर्फ नको. आणि एप्रिलमध्ये हीटरचा प्लगच काढून ठेवा. थर्मोस्टॅटमधला रिले (आतला स्विच) चिकटला तर हीटर बंदच होत नाही, आणि ते मेमध्ये घडायला नको.

सरपट

तापमान वाढलं की आवाज करणारं छोटं यंत्र मिळतं, ते सासूबाईंच्या खोलीत लावा. त्यांना पेटीपर्यंत सारखं जावं लागणार नाही.

जिवाजीगंजवाली

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, यंत्र कशाला, मी दुपारी झोपत नाहीच, मी बघीन. पण यंत्र घेतेच.

रंधापट्टी यांना वेगळा निरोप पाठवलाय. पेटी पुढच्या आठवड्यात होईल असं ते म्हणतात. साप आणायचा कसा, तेवढं सांगा. भाचा गाडीने आणणार आहे, पाचशे किलोमीटर.

मुरारचा पशुवैद्य

निघायच्या आधी आठवडाभर खाऊ घालू नये, नाहीतर वाटेत ओकते. उशीच्या सुती खोळीत घालून तोंड बांधायचं आणि खोळ भोकं पाडलेल्या डब्यात. दिवसा निघा. डबा डिकीत नको, मागच्या सीटवर, उन्हाच्या बाजूला नाही. चहाला थांबलात तर गाडीत कुणीतरी बसून राहा. पोचल्यावर थेट पेटीत, आणि आठवडाभर कुणीही हात लावायचा नाही, खाऊही नाही. पाणी तेवढं बदलायचं.

कटोराताल

आणि पेटी तयार झाल्यावर लगेच तिला बोलावू नका. आठवडाभर रिकामी चालवा, हीटर, थर्मोस्टॅट, कोकोपीट सगळं लावून. एक रात्र मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, किती तासांत २३ च्या खाली जाते. दोन्ही टोकांचे कमाल-किमान आकडे इथे टाका, आम्ही बघून सांगतो हीटर इकडे-तिकडे करायचा का. आकडे स्थिर झाले की भाच्याला तारीख द्या.